आमेनची घाई

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये घरभेटीची एक चांगली रीत आहे. कुणी आजारी पडले, कुणाच्या घरी मृत्यू झाला, कुणाची नोकरी गेली किंवा ठरलेले लग्न मोडले, की पाळकसाहेब, महिला मंडळातील दोघी-तिघी आणि एखादे वडीलधारे बंधू संध्याकाळी त्या घरी जातात, चहा होतो, एखादे गीत म्हटले जाते, पवित्र शास्त्रातला उतारा वाचला जातो आणि प्रार्थना करून सगळे उठतात. ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि आता आमच्या मंडळीच्या घरभेटीच्या गटात मी स्वतःही जातो. रीतीविषयी मला मनापासून आदर आहे; तक्रार आहे ती एवढीच की ज्याच्यासाठी ही भेट असते, तोच माणूस त्या भेटीत बहुधा सगळ्यांत कमी बोलतो. त्याने बोलायला सुरुवात केली, की दोन-चार वाक्यांतच कुणाला तरी समर्पक वचन आठवते, आणि त्याचे बोलणे अर्ध्यावर असतानाच कुणी तरी म्हणते, “चला, आपण प्रार्थना करू या.” सगळ्यांचे डोळे मिटतात. डोळे मिटून बसलेल्या माणसांपुढे आपले राहिलेले बोलणे पुरे करण्याचे धैर्य कुणाला होत नाही.

माझे म्हणणे असे आहे की करुणेने ऐकणे ही ख्रिस्ती माणसाची प्रार्थनेइतकीच मूलभूत साधना आहे, आणि ती टाळून केलेली प्रार्थना हा पुष्कळदा समोरच्याच्या दुःखातून आपली सुटका करून घेण्याचा सभ्य मार्ग असतो. हे विधान काहींना कडू लागेल. पण दुःखी माणसासमोर बसले असता आपल्याला जी अस्वस्थता येते ती प्रामाणिकपणे तपासली, तर तिच्यात दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे आपली असहायता, कारण ऐकलेल्या दुःखावर आपल्यापाशी उपाय नसतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. समोरचा माणूस “देवाने असे का केले?” असे विचारू लागला, की देवावर फिर्याद दाखल झाली असून आपण त्याचे वकील आहोत अशा थाटात आपण उभे राहतो. मग ऐकणे थांबते आणि युक्तिवाद सुरू होतो.

या विषयावर पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकाइतके कठोर लिखाण मी दुसरे वाचलेले नाही. आपल्याकडे ईयोबाचे नाव निघते ते सहनशीलतेचा नमुना म्हणून. प्रत्यक्षात ४२ अध्यायांपैकी बहुतेक भाग सांत्वनासाठी आलेल्या मित्रांबरोबरच्या वादाने भरला आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर ही वाईट माणसे नाहीत. ईयोबाची मुले, संपत्ती आणि आरोग्य गेल्याची बातमी कळताच ते आपापल्या गावाहून निघतात, दुरून पाहिल्यावर त्यांना ईयोब ओळखूही येत नाही, ते मोठ्याने रडतात, वस्त्रे फाडतात, डोक्यावर धूळ घालतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कुणी एक शब्दही काढत नाही. आपल्या कोणत्याही घरभेटीपेक्षा ही भेट सरस आहे. बिघडते ते पुढे. ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. ते ऐकवत नाही म्हणून अलीफज बोलू लागतो, आणि आरंभीच कबूल करतो की तुला हे सोसवणार नाही कदाचित, पण बोलल्यावाचून कुणाला राहवेल? सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या नावाने वाचून पाहावा, असे मला वाटते. बोलल्यावाचून राहवत नव्हते ते अलीफजाला. ईयोबाने त्याचे मत मागितले नव्हते.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की मित्र जे बोलतात त्यातले बरेचसे खोटे नाही. ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात देव पकडतो, हे अलीफजाचे वाक्य पुढे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून उद्धृत केले आहे. म्हणजे वचनात दोष नव्हता. ज्याला ते सुनावले, त्याचे आधी कुणी ऐकून घेतले नव्हते. तेराव्या अध्यायात ईयोब म्हणतो की तुम्ही गप्प राहिला असतात तर तेच तुमचे शहाणपण ठरले असते, आणि एकविसाव्या अध्यायात तो त्यांच्याकडे एकच मागणी करतो: माझे बोलणे नीट ऐका, तुमच्याकडून तेवढे सांत्वन मला पुरे. ही मागणी शेवटपर्यंत पुरी होत नाही. पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो त्याची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे देव त्यांना सांगतो आणि ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. प्रार्थना येथेही आहेच, पण ती आजारी माणसाने भेटायला आलेल्यांसाठी केलेली आहे. घरभेटीला निघण्यापूर्वी हा शेवट वाचून निघावे.

शुभवर्तमानांत येशूच्या चमत्कारांकडे आपले इतके लक्ष असते की त्याचे ऐकणे नजरेतून सुटते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी त्याच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजत आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. उपचार तेथेच झालेला आहे. येशू पुढे गेला असता तर कुणाचे काही बिघडले नसते, आणि शिष्यांचेही तेच मत आहे: एवढ्या गर्दीत मला कोण शिवले असे काय विचारता? तरी तो थांबतो, सभोवार पाहत राहतो, आणि ती स्त्री भीत, कापत पुढे येऊन त्याला सगळी हकिकत सांगते. अनेक वैद्यांच्या हातून तिने सोसले होते, जवळचे सगळे खर्च करूनही दुखणे वाढतच गेले होते. हे मार्काने आपल्याला आधीच सांगितले आहे. ती सगळी हकिकत सांगायला किती वेळ लागला असेल? तेवढा वेळ याईर शेजारी उभा आहे. येशू तिला “मुली” म्हणून हाक मारून तिच्याशी बोलत असतानाच याईराच्या घरून मुलगी गेल्याचा निरोप येतो. ऐकण्याची किंमत कुणी तरी मोजत असते, हे मार्काने लपवलेले नाही. शरीर बरे झाल्यावरही तिचे ऐकून घेणे येशूला इतके आवश्यक का वाटले असावे, याचा विचार केला तर माझ्यापुरते उत्तर असे मिळते की बारा वर्षे अशुद्ध म्हणून बाजूला ठेवलेल्या स्त्रीला चारचौघांत आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगता येणे, हाही त्या बरे होण्याचाच भाग होता.

बार्तीमयाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी विचित्र आहे. आंधळा भिकारी रस्त्याच्या कडेला ओरडतो आहे, पुष्कळ लोक त्याला दटावून गप्प बसवत आहेत, आणि येशू त्याला जवळ बोलावून विचारतो, “मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?” आंधळ्याला काय हवे असणार हे आपण सगळेच गृहीत धरू, येशू गृहीत धरत नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर तर ज्या घटनांचा तो स्वतःच विषय आहे त्या घटनांविषयी क्लयपा आणि त्याचा सोबती हे त्याचे अनुयायी बोलत असता तो विचारतो, “कोणत्या गोष्टी?” आणि त्यांना सगळे सांगू देतो: आमची आशा काय होती, ती कशी मोडली, स्त्रियांनी कबरेविषयी काय सांगितले. शास्त्राचा उलगडा तो करतोच, आणि बराच कडकपणे करतो, पण नंतर. हा क्रम लूकाने विचारपूर्वक ठेवला आहे असे मी मानतो.

आता अनुभवाचे थोडे. पुढील प्रसंगातली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. एका निवृत्त शिक्षकांच्या मृत्यूनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नी भिंतीशी बसल्या होत्या. कुणी तरी विचारले म्हणून त्या सांगू लागल्या, “त्या रात्री गोळी घ्यायची होती यांना...” आणि एका बंधूंनी पुनरुत्थानाचे वचन म्हटले. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, “गोळी मी काढून ठेवली होती,” तेव्हा दुसऱ्या कुणी तरी गुरुजींनी किती विद्यार्थी घडवले याची आठवण काढली. सगळे सद्हेतूने चालले होते. प्रार्थनेसाठी पुस्तके मिटली जात असताना आमच्या गटातल्या एक वयस्क बाई, ज्यांनी कधी सभेत तोंड उघडलेले मला आठवत नाही, त्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही गोळीचं काहीतरी सांगत होतात.”

मग ते बाहेर पडले. गुरुजी त्या रात्री गोळी घ्यायला तयार नव्हते, आणि दिवसभराच्या सेवेने थकलेल्या त्या माउलीच्या तोंडून निघून गेले होते, “नका घेऊ, मरा मग.” पहाटे ते गेले. दहा-बारा दिवस माणसे येत होती, वचने वाचली जात होती, आणि हे वाक्य त्यांच्या घशात अडकून होते. खोलीत दोघा-तिघांनी एकदम “नाही हो, तसं काही नसतं” म्हणायला तोंड उघडले; त्या वयस्क बाईंनी नुसता हात वर करून त्यांना थांबवले आणि विचारले, “असं म्हणालात? मग?” मग त्यांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या संसाराचे बरेच काही निघाले, त्यातले काही गुरुजींना फारसे शोभणारे नव्हते. त्या बाईंनी दोषमुक्ती दिली नाही, दोषही दिला नाही. अखेरीस गुरुजींच्या पत्नीनेच म्हटले, आता प्रार्थना करा, आणि त्या प्रार्थनेत गोळीही आली, तो शब्दही आला, थकवाही आला. आधी केली असती ती प्रार्थना आणि ही प्रार्थना यांत फरक कोणता, हे मला वेगळे सांगण्याची गरज वाटत नाही.

डिट्रिख बॉनहोफर या जर्मन लूथरन पाळकाने हा धोका फार स्पष्टपणे ओळखला होता. हिटलरच्या राजवटीला न जुमानणाऱ्या कन्फेसिंग चर्चसाठी त्याने १९३५ मध्ये तरुण पाळकांचे एक प्रशिक्षणकेंद्र चालवायला घेतले. ते लवकरच फिंकनवाल्डे येथे स्थिरावले आणि १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, बंद केले. तेथल्या सहजीवनाच्या अनुभवावर त्याने लिहिलेले छोटे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. मंडळीत आपण एकमेकांचे पहिले देणे लागतो ते ऐकण्याचे, असे तो त्यात मांडतो. पाळकांना वाटते की लोकांमध्ये गेले की आपण काही तरी दिलेच पाहिजे; ऐकणे ही बोलण्याहून मोठी सेवा असू शकते हे ते विसरतात. समोरचा काय म्हणणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा समजुतीने अर्ध्या कानाने ऐकण्याला तो तिरस्कारच म्हणतो. त्याचा सर्वांत जिव्हारी लागणारा मुद्दा याच्या पुढचा आहे: जो आपल्या भावाचे ऐकू शकत नाही, तो लवकरच देवाचेही ऐकेनासा होतो आणि देवापुढेही नुसती बडबड करू लागतो. म्हणजे आपल्या आमेनच्या घाईचा रोग प्रार्थनेलाच लागतो. हे लिहिणाऱ्या माणसाला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले. त्याआधीची दोन वर्षे तो कैदेतच होता.

फिंकनवाल्डेत एक नियम असा होता की सोबत्याच्या गैरहजेरीत त्याच्याविषयी बोलायचे नाही, आणि चुकून बोलले गेलेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. आपल्याकडे याची फार निकड आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर “अमुक ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी सध्या...” अशी जी विनंती फिरते, तिच्यातली प्रार्थना किती आणि बातमी किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. ज्याने आपल्यापाशी मन मोकळे केले त्याचे शब्द आपल्या मालकीचे होत नाहीत. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कारातली, म्हणजे पुरोहितापुढे केलेल्या पापकबुलीची, गुप्तता पुरोहिताला कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. आम्हा प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो संस्कार नाही, आणि त्याबरोबर ती शिस्तही हातून निसटली, याची मला पुष्कळदा खंत वाटते.

कॅथलिक परंपरेकडून घेण्यासारखे याहूनही बरेच आहे. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने आखून दिलेल्या आणि १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभी तो एक गृहीत तत्त्व मांडतो: प्रत्येक भल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या विधानाचा निषेध करण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास अधिक तत्पर असावे, चांगला अर्थ लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे हे त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तरच प्रेमाने सुधारावे. येथेही विचारणे आधी आहे आणि सुधारणे नंतर. साधना करवून घेणाऱ्याला तो बजावतो की त्याने साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. तुझ्या मते मी काय करावे, असे समोरच्याने विचारल्यावर उत्तर माहीत असूनही न देणे याला केवढा विश्वास लागतो, हे आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला चांगले कळेल, कारण येथे सल्ला देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य समजले जाते आणि “ऐकावे जनाचे, करावे मनाचे” ही म्हण सल्ला ऐकणाऱ्याची पळवाट असते. ऐकणाऱ्याने सल्लाच देऊ नये, अशी म्हण आपल्याकडे नाही.

याहून जुना आणि मला अतिशय आवडणारा मजकूर सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आहे. तिचा सहासष्टावा अध्याय मठाच्या द्वारपालाविषयी आहे. दारावर एखादा समजूतदार वृद्ध असावा, निरोप घेणे आणि उत्तर देणे ज्याला जमते, आणि वयामुळे ज्याचे इकडेतिकडे भटकणे संपले आहे, असे बेनेडिक्ट सांगतो. त्याची खोली दाराशेजारीच असावी, म्हणजे येणाऱ्याला उत्तर देणारा कुणी तरी कायम भेटेल. कुणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक दिली, की द्वारपालाने लगेच देवाचे आभार मानावेत किंवा आशीर्वाद मागावा. कोण आले आहे, काय हवे आहे, हे कळण्याआधीच आभार! आमच्या चर्चच्या आवारात फाटकाशी असणाऱ्याला आम्ही वॉचमन म्हणतो आणि त्याचे काम याच्या नेमके उलटे असते, हे जाता जाता.

विसाव्या शतकात ऐकण्याच्या या साधनेला अनपेक्षित वळण मिळाले ते लंडनमध्ये. चॅड वारा हा अँग्लिकन पाळक १९३५ मध्ये लिंकन येथे नवखा असताना त्याला एका अल्पवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला गुप्तरोग झाला, अशा समजुतीने तिने जीव दिला होता. विचारावे असे तिला कुणी नव्हते. पुढे १९५३ मध्ये लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रूक या चर्चचा कारभार हाती आल्यावर त्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. लोक फोन करू लागले, प्रत्यक्ष येऊही लागले, आणि त्यांना वाट पाहावी लागत असल्याने काही स्वयंसेवक त्यांना चहा-कॉफी देत, त्यांच्याजवळ बसत. थोड्याच काळात वाराच्या लक्षात आले की कित्येकांना त्याच्याकडे येण्याची गरजच उरत नव्हती. चहा देणाऱ्यांशी बोलूनच ते हलके होऊन परत जात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. समॅरिटन्स (म्हणजे शमरोनी) ही संस्था अशी उभी राहिली. या कामात धर्मोपदेश करायचा नाही, हा तिचा नियम एका पाळकाच्या हाताखालीच रुजला, आणि मला तो ख्रिस्ती श्रद्धेपासून ढळणे वाटत नाही. चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यातही जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला जातो, प्रवचन कुणी करत नाही.

हे सगळे शिकता येते का? माझे मत आहे की येते, आणि शिकावेच लागते. अँटन बॉइसन या अमेरिकन पाळकाने, जो स्वतः मनोरुग्णालयात राहून आला होता, १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवायला सुरुवात केली. पुस्तकांइतक्याच गांभीर्याने जिवंत माणसेही वाचायची असतात, असा त्याचा आग्रह होता. या परंपरेत पुढे रूढ झालेली एक पद्धत आम्ही आमच्या छोट्या गटात वापरतो. भेटीनंतर घरी येऊन संभाषण आठवेल तसे, शब्दाला शब्द, दोन्ही बाजूंचे लिहून काढायचे, नाव-गाव वगळायचे, आणि ते गटात वाचायचे. कागदावर उतरल्यावर आपण कोठे विषय बदलला ते लख्ख दिसते. विषय बहुधा तेथेच बदललेला असतो जेथे समोरच्याचे बोलणे आपल्या एखाद्या भीतीला येऊन भिडते: ज्याचा मुलगा व्यसनी आहे त्याला दुसऱ्याच्या व्यसनी मुलाची गोष्ट ऐकवत नाही. म्हणून या साधनेचा मोठा भाग एकान्तात होतो, आणि त्यासाठी मौनाला पर्याय नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनमधल्या सिनॉडच्या, म्हणजे कॅथलिक धर्मपरिषदेच्या, सभेत बिशप, धर्मभगिनी आणि सामान्य प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसले, आणि त्यांच्या संवादाची रीत अशी होती की आधी प्रत्येकाने आपले म्हणणे मांडायचे, मग मौन, मग दुसऱ्या फेरीत स्वतःचे म्हणणे पुढे न रेटता इतरांच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले तेवढेच सांगायचे, पुन्हा मौन, आणि त्यानंतर चर्चा. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत, विशेषतः जागेचा आणि भाडेकरूंचा विषय निघतो तेव्हा, ही दुसरी फेरी घ्यावी असे मी एकदा सुचवून पाहिले. ते कुणी ऐकले नाही.

ऐकण्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण “मी आहे ना ऐकायला” असे म्हणून काही ठिकाणी अपराध झाकला जातो. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीचे महिनोन्महिने नुसते ऐकत राहणे ही करुणा नाही. तिला सुरक्षित जागा, कायद्याची मदत आणि सोबत हवी असते. लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि गुप्ततेचे वचन तेथे देऊच नये. कुणाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर तो शब्द टाळू नये, सरळ विचारावे, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. नैराश्य (डिप्रेशन) हा आजार आहे, विश्वासाचा दुबळेपणा नाही, हे आपल्या मंडळ्यांत अजूनही वारंवार सांगावे लागते.

आमच्या गटातले एक वडीलधारे बंधू या सगळ्यावर आक्षेप घेतात. ते म्हणतात, “मग आपल्यात आणि समुपदेशकात फरक काय राहिला? आपण सुवार्ता घेऊन जातो, रिकाम्या हाताने नाही.” हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. ख्रिस्ती माणूस ऐकायला बसतो तेव्हा खोलीत तिसरा कुणी आहे असे तो मानतो, आणि ऐकलेले तो त्या तिसऱ्यापाशी घेऊन जातो. समुपदेशकाकडून ही अपेक्षा नसते. शिवाय दुःखात असलेल्या कित्येकांना वचन खरोखरच हवे असते, आणि आपल्या नव्या शहाणपणापायी त्यांना ते नाकारणे हेही न ऐकणेच आहे. माझा मतभेद फक्त वेळेविषयी आणि निवडीविषयी आहे. पवित्र शास्त्रातच असे स्तोत्र आहे, ८८ वे, ज्यातला आक्रोश शेवटपर्यंत मिटत नाही. इतर बहुतेक विलापगीतांच्या अखेरीस येते तसे स्तुतीचे वळण त्यात येत नाही आणि ते अंधारातच संपते. ते आपण घरभेटीत कधीच वाचत नाही.

हे बंधू आणि मी अजूनही बरोबरच भेटींना जातो. कोणता उतारा वाचायचा हे निघताना ठरवण्याची पद्धत आम्ही सोडली आहे. ज्याच्या घरी जातो त्यालाच, त्याचे बोलणे झाल्यावर, विचारतो. बहुतेक जण २३ वे स्तोत्र मागतात, काहींना काहीच नको असते. गेल्या लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत डायलिसिसवर असलेल्या एका गृहस्थांनी “काहीतरी रागाचं आहे का त्यात?” असे विचारले, तेव्हा बंधूंनीच ८८ वे काढून वाचले. गृहस्थांनी ते आणखी एकदा वाचायला लावले, आणि मग आपल्या आजाराविषयी नव्हे, तर धाकट्या भावाबरोबर चाललेल्या जमिनीच्या वादाविषयी ते बराच वेळ बोलत राहिले, ज्याची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती.